आधी राग

हॅनकॉकमध्ये गुरुवारी रात्री
ट्रस्कॉटच्या हार्डवेअरच्या तळघरात
रंगाच्या डब्यांवर प्लायवूड टाकलं
की आमचं जग मांडून होतं.
वर रस्त्यावरून बर्फ ढकलणारा ट्रक घरघरत जातो
आणि फासे किंचित थरथरतात,
कोणी टाकण्याआधीच.

इल्मी कांगस. दिवसा लाकडाच्या कारखान्यात करवतीवर,
रात्री ड्रुइड: झाडांशी बोलणारी,
लोखंड अंगाला लावून न घेणारी,
गरज पडली तर अस्वल.
"दिवसभर कापते, रात्री माफी मागते,"
पास्टी खाता खाता ती एकदा म्हणाली होती.
आम्ही हसलो. ती हसली नव्हती बहुतेक.

सहावी लेव्हल आली तेव्हा सल्ल्यांना ऊत आला.
डेल्फीन म्हणाली, एक लेव्हल पुजाऱ्याची घे,
जखमा भरताना देवाचाही हात लागेल.
मी म्हणालो, भिक्षू हो,
अस्वलाच्या कातडीतसुद्धा
शहाणपण चिलखतासारखं चढतं.
वेंडेल ट्रस्कॉट, ज्याच्या हातात आम्हा सगळ्यांचं नशीब
आणि पेन्सिलीने काढलेले चौऱ्याहत्तर नकाशे,
चष्म्यावरून बघत पुटपुटला,
"एक ना धड, भाराभर चिंध्या.
सरळ वाटेने जा. थोडं थांबलीस
तर आख्खं वादळ बोलावशील."
खरं होतं. दुसऱ्या वाटेवर टाकलेलं पाऊल
पहिल्या वाटेतून वजा होतं.

इल्मीने ड्रुइडपुढचा पाच तसाच ठेवला
आणि खाली, पेन्सिलीचं टोक मोडेल इतकं दाबून लिहिलं:
बार्बेरियन, एक.

कारखान्याच्या फाटकाला सोमवारीच साखळी पडली होती.
त्याबद्दल विचारायचं कोणालाच सुचलं नाही.
वेंडेलने फक्त नियम वाचला.
अस्वल असताना मंत्र नाही.
राग असताना मंत्र नाही.
दोन्ही एकदम सोडता येत नाहीत,
एका खेपेला एकच.
"चालेल," ती म्हणाली.

आणि काय अस्वल होतं ते!
भाले तिच्यात मोडायचे,
मार लागायचा तो निम्माच,
आम्ही तिच्या मागे लपून शूर झालो.
त्या हिवाळ्यात झाडांशी मात्र
ती एकदाही बोलली नाही.

मार्चमध्ये, तांब्याच्या एका बुडालेल्या खाणीत
माझा चोर पडला. शून्यावर.
दोन फासे हुकलेले, तिसरा हुकला
की कोरा कागद घ्यायचा, नवं नाव शोधायचं.
डेल्फीनचा सरदार दगडांखाली अडकलेला.
मंत्र येणारी एकटी इल्मी,
आणि ती तीन चौकटी पलीकडे, तोंडाला फेस,
समोर ट्रोल.

"आधी काय सोडतेस?" वेंडेलने विचारलं.
"राग की अस्वल?"

ती बोटं चोळत राहिली,
नखांत अजून भुसा असल्यासारखी.
बॉयलर एकदा चालू होऊन बंद झाला.

"आधी राग."

ट्रोलचा फटका पूर्ण लागला.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, पूर्ण.
माझा फासा घरंगळून डब्यांमागे गेला.
टॉर्च मारून बघितलं: अकरा.
जगलो असं नाही. मेलो नाही, एवढंच.

पुढच्या खेपेला तिने अस्वल सोडलं.
खाणीच्या चिखलात एक बाई उरली,
उघड्या मानेची, थकलेली,
तिचा हात माझ्या छातीवर.
आठ बाजूंचा फासा. पडला एक.
वर तिचं शहाणपण, चार.
पाच. चोराचे डोळे उघडायला पुरे.

जिना चढताना तिने विचारलं,
"घेतलेली लेव्हल परत देता येते का?"
"नाही," वेंडेल म्हणाला, दिवा घालवत.
"पुढची कुठली, ते तुझं तू ठरव."

बाहेर गाड्या बर्फाखाली, सगळ्या सारख्या.
इल्मीने दुकानातलं फावडं उचललं
आणि न विचारता माझी उकरायला लागली.
अर्ध्या तासाने दार दिसलं तेव्हा कळलं,
ती गाडी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती.